अंगणात, गच्चीवर, माळावर: बॅटरीवरच्या स्पीकरला वायरलेस गाणी कशी पुरवायची

माझा पहिला ब्लूटूथ स्पीकर घरात ठणठणीत वाजायचा आणि बाहेर नेला की अडखळायचा. स्पीकर टेबलावर, फोन पँटच्या मागच्या खिशात, मधे जेमतेम सात-आठ पावलं. गंमत म्हणजे मी स्पीकरकडे तोंड केलं की गाणं तुटायचं आणि पाठ फिरवली की सुरळीत चालू व्हायचं. स्पीकरला माझं तोंड बघवत नाही, असा घरात विनोद होऊन बसला. दुकानात नेला तर तिथे एकदाही अडखळला नाही. मी तरीही भांडून बदलून घेतला, आणि दुसऱ्याने पहिल्याच संध्याकाळी तेच केलं. दोष स्पीकरचा नव्हताच. तो कुणाचा होता हे चौथ्या पायरीत येईल. तोवर ज्यांनी नुकताच स्पीकर घेतलाय किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यांनी क्रमाने वाचत यावं.

हाताशी काय असू द्यावं

- पूर्ण चार्ज झालेला स्पीकर आणि त्याच्याच खोक्यातली चार्जिंगची केबल
- फोन, आणि त्यात आधीच उतरवून ठेवलेली गाणी
- पॉवर बँक (फोनसाठी, स्पीकरसाठी चालते का ते घरी तपासलेलं असावं)
- स्पीकरला ऑक्सचं भोक असेल तर ३.५ मिमीची साधी ऑडिओ वायर, आणि फोनला हेडफोनचं भोक नसेल तर त्याचा छोटा अडॅप्टर
- कोरडं फडकं
- स्पीकर उंचावर ठेवायला स्टूल, खुर्ची, काहीही

वायरलेसच्या लेखात वायर कशाला, असं वाटेल. सगळं हट्टाला पेटतं तेव्हा तीच कामाला येते.

१. ब्लूटूथ की वायफाय, हे आधी ठरवा

दोन्हींत गाणं हवेतूनच जातं, पण काम वेगळं चालतं. ब्लूटूथमध्ये फोन गाणं वाजवतो आणि स्पीकरकडे ढकलतो. म्हणजे फोन जवळ हवा, फोनची बॅटरी शाबूत हवी, आणि फोनवर जे वाजेल ते सगळं स्पीकरवर वाजणार. वायफायवरच्या गूगल कास्ट (पूर्वीचं क्रोमकास्ट) किंवा स्पॉटिफाय कनेक्ट या सोयींमध्ये फोन फक्त रिमोट असतो. स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं खेचतो, तुम्ही फोन घेऊन बाहेर निघून गेलात तरी ते चालू राहतं. ॲपलच्या एअरप्लेमध्ये मात्र वायफाय असलं तरी आवाज बहुतेक वेळा फोनमधूनच निघतो, त्यामुळे फोन नेटवर्कच्या बाहेर गेला की गाणं थांबतं. हा फरक लक्षात नसला की ‘काल चाललं, आज का नाही’ या प्रश्नात संध्याकाळ जाते.

माझं मत सरळ आहे. घराला लागून असलेलं अंगण किंवा गच्ची असेल आणि तिथे राउटर नीट पोचत असेल, तर वायफायचा विचार करा. राउटर नाही तिथे ब्लूटूथच. सहलीला फक्त वायफायवर चालणारा स्पीकर नेणं म्हणजे कोरड्या विहिरीत बादली सोडणं. दोन्हींवर चालणारे बॅटरीचे स्पीकर मिळतात, आणि घर-बाहेर दोन्ही वापर असेल तर तेच घ्यावेत.

२. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

*आयपीचा आकडा.* आयपीनंतरचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं तगतो. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. एक्स म्हणजे शून्य नव्हे. त्या बाबतीत परीक्षेचा दावा केलेला नाही, एवढाच अर्थ. समुद्रकिनारी वाळूत ठेवणार असाल तर एक्स असलेला स्पीकर टाळा. आणि ही परीक्षा गोड्या पाण्यात होते. खारं पाणी किंवा तरण तलावाचं क्लोरीन यांबद्दल हा आकडा काही सांगत नाही. आणखी एक बारकावा: ७ मिळाला म्हणजे ५ आपोआप मिळाला असं नसतं. बुडवून तगणारा स्पीकर नळीच्या जोरदार फवाऱ्यातही तगेलच अशी खात्री हा अंक देत नाही.

*वॉट.* वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, असं दुकानात ऐकायला मिळेल. प्रत्यक्षात दुप्पट वॉटने फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ‘हं, जरा वाढला’ इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि तेवढ्यासाठी वॉट दहापट हवेत. म्हणून २० आणि ३० वॉटच्या वादात पडू नका. स्पीकरचा आकार आणि वजन जास्त खरं बोलतं.

*बॅटरीचे तास.* खोक्यावरचे तास मध्यम आवाजावर मोजलेले असतात, बहुतेकदा दिवे बंद ठेवून. उघड्यावर आपण आवाज वाढवतोच. मी लिहिलेल्या तासांचे निम्मे धरून चालतो.

*ब्लूटूथ ५ आणि ‘चौपट पल्ला’.* हा सापळा आहे. चौपट पल्ल्याची गोष्ट ब्लूटूथच्या कमी ऊर्जेवर चालणाऱ्या प्रकाराची आहे. बहुतेक स्पीकरवर गाणी आजही जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरूनच जातात. आकडा ५.३ असला म्हणून गाणं पटांगणाच्या पलीकडे पोचेल असं समजू नका.

३. घरातच चार्ज करा, घरातच जोडा

पहिली जोडणी अंगणात, पाहुणे समोर असताना करू नये. घरी शांतपणे करा. स्पीकर चालू करा, ब्लूटूथचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा, फोनच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव दिसलं की टिचकी मारा. जुन्या स्पीकरने आकडा मागितला तर आधी ०००० घालून बघा.

यातले सापळे मात्र बरेच:

पेअर होणं आणि कनेक्ट होणं वेगळं. पेअरिंग म्हणजे ओळख, ती एकदाच होते. कनेक्शन दर वेळी नव्याने होतं. स्पीकर चालू झाला की तो ओळखीच्या उपकरणाला, सहसा शेवटच्या, शोधत सुटतो. ते उपकरण दिवाणखान्यातला टीव्ही असला तर तुमचा फोन हात चोळत बसतो. बाहेर नेण्याआधी टीव्ही, लॅपटॉप आणि घरातल्या इतर फोनवर त्या स्पीकरचं नाव ‘विसरा’ करून टाका. निदान तेवढ्यापुरतं त्यांचं ब्लूटूथ बंद ठेवा.

नाव दिसतंय पण जोडलं जात नाही, असं झालं तर दोन्हीकडची ओळख पुसा: फोनवरून विसरा आणि स्पीकरही रिसेट करा. एकाच बाजूने पुसलं तर दुसरी बाजू जुनी किल्ली धरून बसते.

जोडलं गेलंय, पण आवाज फोनमधूनच येतोय? अँड्रॉइडवर त्या स्पीकरच्या नावासमोरच्या चक्रावर जाऊन ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का बघा. लॅपटॉपवरून वाजवताना गाणं टेलिफोनवर ऐकल्यासारखं येत असेल तर ‘हँड्स-फ्री’ निवडलं गेलंय. ते बदलून ‘स्टिरिओ’ करा.

आवाजाच्या कळा कधी दोन असतात, फोनची एक आणि स्पीकरची एक. काही जोड्यांत त्या एकत्र हलतात, काहींत नाही. नसतील हलत तर फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवरून करा. उलट केलंत तर स्पीकर पूर्ण ताणूनही आवाज मिळमिळीत येतो आणि आपण त्यालाच नावं ठेवतो.

चार्जिंगचं एक कोडं सांगून ठेवतो. काही स्पीकरना सी टाइपचं भोक असूनही ते सी-टू-सी केबलने चार्ज होतच नाहीत. समोरच्या चार्जरला ‘मला वीज हवी’ हे सांगणारे छोटे रोधक आत बसवलेलेच नसतात. जुन्या चौकोनी यूएसबी ए टोकाच्या केबलने ते मुकाट्याने चार्ज होतात. स्पीकर बिघडला असं ठरवण्याआधी केबल बदलून बघा.

४. फोन कुठे ठेवायचा: निम्मं काम इथेच होतं

आता माझ्या तोंडाची भानगड. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात चालतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, तो जे पाणी तापवतो ते आपल्या शरीरातही भरपूर आहे. आपण या लहरींच्या वाटेत उभे राहिलो की त्यांचा बराच भाग अंगात जिरतो. फोन मागच्या खिशात आणि स्पीकर समोर म्हणजे मधे अख्खा माणूस. पाठ फिरवली की वाट मोकळी.

मग हे घरात का होत नाही? घरात भिंती, छत, फरशी, कपाटं आहेत. लहरी त्यांच्यावर आपटून, वळसा घालून स्पीकरपर्यंत पोचतात. सरळ वाट बंद झाली तरी आडवाटा असतात. दुकानातही तेच. उघड्यावर आपटायला काही नसतं. जमिनीवरून थोडं परततं, बाकी सगळं आकाशात जातं. म्हणून घरात भिंतीपल्याड वाजणारा स्पीकर मैदानात सात पावलांवर मान टाकतो. ही गोष्ट मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही. दोन स्पीकर आणि एक भांडण खर्ची पडल्यावर कळली.

उपाय फुकट आहे. फोन खिशात ठेवू नका. स्पीकर दिसेल अशा जागी, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. नजरेला स्पीकर दिसतो तशी फोनलाही मोकळी वाट दिसली पाहिजे. पालथा, धातूच्या टेबलावर, बॅगेत पाण्याच्या बाटलीला लागून, असं काही नको. दोघांमधली वाट लोकांच्या येण्या-जाण्याची नसावी. दहा माणसं मधे येऊन उभी राहिली तर ते दहा पाण्याचे पिंपच. फोन स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर ठेवला की माझं गाणं तुटणं जवळजवळ संपलं.

फोन हाताशी हवाच असेल, फोटो काढायचे असतील, तर एक जुना फोन फक्त गाण्यांसाठी ठेवा. घरोघरी ड्रॉवरमध्ये एखादा पडलेला असतो. त्यात सिम नको, नेट नको, गाणी उतरवलेली असली की झालं. स्पीकरशेजारी ठेवून द्यायचा. फोन येणं नाही, मेसेजची टुंगटुंग नाही. मला विचाराल तर या लेखातली सगळ्यांत उपयोगी सूचना हीच.

जुना फोन नसेल तर निदान ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. नाहीतर गाण्याच्या मधेच तुमचा कुणाशी तरी चाललेला खासगी कॉल सगळ्या जमावाला ऐकू जाईल. काही स्पीकर कॉलही स्वतःकडे घेतात. अँड्रॉइडवर त्या स्पीकरसाठी कॉलचा पर्याय वेगळा बंद करता येतो.

तरीही तुटतंय? मग कोडेक बघा. कोडेक म्हणजे गाणं दाबून लहान करण्याची पद्धत. एसबीसी ही प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरमध्ये असतेच, आयफोन एएसी वापरतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एलडॅक असते. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाते, एसबीसी साधारण ३२८ पर्यंत. जितका माल जास्त तितकी वाट चांगली लागते. उघड्यावर वारा आणि गप्पा यांच्यात हा बारीक फरक कुणाला ऐकू येत नाही, तुटलेलं गाणं मात्र सगळ्यांना येतं. फोनमध्ये स्पीकरच्या नावापुढे ‘एचडी ऑडिओ’ किंवा ‘एलडॅक’ असं बटण असेल तर ते बंद करा, किंवा स्पीकरच्या ॲपमध्ये ‘स्थिर कनेक्शनला प्राधान्य’ अशा अर्थाचा पर्याय निवडा.

५. स्पीकर कुठे ठेवायचा

बाहेर आवाज झपाट्याने विरतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १ मीटरवर ८५ डेसिबल असतील तर २ मीटरवर ७९, ४ वर ७३, ८ वर ६७. घरात भिंती आवाज परत पाठवत राहतात म्हणून हे जाणवत नाही. त्यामुळे स्पीकर ‘एका बाजूला, कडेला’ ठेवून मोठ्याने लावण्यापेक्षा ऐकणाऱ्यांच्या जवळ ठेवून हळू लावा. बॅटरीही वाचते, शेजारीही कुरकुरत नाहीत.

बेस सर्वांत आधी गायब होतो. त्यावर युक्ती म्हणजे स्पीकरच्या मागे भिंत द्या. भिंतीशी वीतभर अंतरावर ठेवला की खालच्या पट्टीतला आवाज मागे न सांडता पुढे येतो, दोन भिंतींच्या कोपऱ्यात आणखी भरतो. ॲपमध्ये बेस वाढवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण बेस वाढवला की बॅटरी भराभर उतरते.

वरच्या पट्टीचा आवाज सरळ जातो आणि गवत, कपडे, माणसं यांत अडकतो. गवतात ठेवलेल्या स्पीकरमधून शब्द कळत नाहीत ते यामुळे. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. स्टूल त्यासाठीच यादीत होतं. पोकळ पत्र्याच्या टेबलावर मात्र नको, टेबलच खडखडायला लागतं. आणि बऱ्याच दंडगोल स्पीकरच्या दोन टोकांना थरथरणाऱ्या चकत्या असतात. त्या वाळूत खुपसू नका, कशाला टेकवू नका.

६. दोन स्पीकर जोडणार असाल तर

एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम, हा माझा कौल. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर एका फोनवरून एकत्र चालतील असं गृहीत धरू नका. एका कंपनीचे असले तरी धरू नका! जेबीएलचंच बघा: कनेक्ट प्लस, पार्टीबूस्ट आणि आता ऑराकास्ट, अशा तीन पद्धती वेगवेगळ्या वेळी आल्या आणि कनेक्ट प्लसवाला स्पीकर पार्टीबूस्टवाल्याशी जुळत नाही. दुसरा विकत घेताना पहिल्याची नेमकी पद्धत लिहून न्या. ऑराकास्ट ही ब्लूटूथच्या नव्या, कमी ऊर्जेवर चालणाऱ्या एलई ऑडिओतली प्रसारणाची सोय आहे. रेडिओसारखं एकाने सोडायचं आणि कितीही स्पीकरनी पकडायचं, ही त्यामागची कल्पना.

जोडल्यावर ॲपमध्ये दोन पर्याय दिसतात. ‘स्टिरिओ’मध्ये एक डावा, एक उजवा होतो. ‘पार्टी’मध्ये दोन्हींवर सगळं वाजतं. लोक इकडे-तिकडे पांगलेले असतील तर पार्टीच निवडा, नाहीतर डाव्या स्पीकरजवळ बसलेल्याला निम्मंच गाणं ऐकू येतं.

दोन स्पीकर किती लांब ठेवायचे? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे १७ मीटर लांबच्या स्पीकरचा आवाज जवळच्याच्या मागून ५० मिलिसेकंदांनी पोचतो आणि तबल्याच्या प्रत्येक थापेला सावली पडल्यासारखी दुसरी थाप ऐकू येते. १० मीटरच्या आत ठेवलेत तर त्रास नाही.

७. वायफायवाल्यांसाठी थोडक्यात

ॲपला स्पीकर सापडत नाही, ही एकच तक्रार शंभर वेळा येते. कारणं बहुधा हीच: फोन मोबाइल डेटावर गेलाय; फोन घरच्या नेटवर्कवर आहे पण स्पीकर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर; त्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांशी बोलायला बंदी आहे; किंवा फोनवर व्हीपीएन (इंटरनेटची वाट दुसरीकडून वळवणारं ॲप) चालू आहे. ज्या वायफायवर आधी पान उघडून नाव-क्रमांक भरावा लागतो, तिथे स्पीकर सहसा जोडला जात नाही, कारण त्याला पान उघडताच येत नाही.

बाहेर २.४ चा सिग्नल ५ गिगाहर्ट्झपेक्षा लांब पोचतो, त्यामुळे राउटरवर दोन नावं वेगळी असतील तर स्पीकर २.४ वर टाका. नेण्याआधी फोन स्पीकरच्या नेमक्या जागी ठेवून एखादा व्हिडिओ चालवून बघा. तो अडकला तर स्पीकरही अडकणार.

८. डेटा आणि बॅटरी

बाहेर नेटवर्क डळमळीत असतं, म्हणून गाणी उतरवून न्या. नाहीच जमलं तर हिशोब असा: सेकंदाला ३२० किलोबिटच्या दर्जाने तासाला १४४ एमबी जातात, १६० ने ७२. उघड्यावर १६० पुरतं.

गाणं थांबवल्यावर स्पीकर थोडा वेळ शांत राहिला की सहसा स्वतःच बंद होतो, तो बिघाड नाही. दिवे असतील तर बंद ठेवा. तळपत्या उन्हात किंवा बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि तापलेल्या स्थितीत चार्ज करणं तर आणखी वाईट. शून्य अंशाखालीही चार्जिंग करू नये.

विमानाने नेणार असाल तर बॅटरीचे वॉट-तास काढा. मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून १००० ने भागायचं. ७५०० आणि ३.६ व्होल्ट म्हणजे २७ वॉट-तास. साधारण नियम असा की १०० पर्यंत अडचण नसते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. खांद्यावर घ्यायचे स्पीकर सहसा या मर्यादेत बसतात, चाकांवरचे मोठे पार्टी स्पीकर बसतीलच असं नाही. मोजल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

९. परत आणल्यावर

पाण्यात किंवा वाळूत गेला असेल तर आधी चार्जिंगचं झाकण बंद आहे ना ते बघा आणि मगच गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा (आयपीचा आकडा तेवढी परवानगी देत असेल तरच). मग फडक्याने पुसून, जाळी खाली करून ठेवा. भोक पूर्ण सुकेपर्यंत केबल लावायची नाही. ओल्या भोकात वीज गेली की आतल्या धातूच्या पिना गंजतात, आणि स्पीकर चांगला असूनही चार्ज होत नाही. मी रात्रभर तसाच ठेवतो आणि सकाळी लावतो.

महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका. निम्म्याच्या आसपास ठेवून कपाटात टाका, आणि शेजारी तो जुना फोनही ठेवा. पुढच्या वेळी दोन्ही एकत्र सापडतात.